इथं कोण बसलंय काय?

निपाणीच्या बसस्टँडवर दोन राज्यांच्या गाड्या लागतात. कोल्हापूरकडून महाराष्ट्राची एसटी येते, चिकोडी-बेळगावकडून वायव्य कर्नाटकची. पाटी मराठीत असो नाहीतर कन्नडमध्ये, गाडी पुरती थांबायच्या आत माणसं खिडकीखाली धावतात आणि मान वर करून विचारतात, "इथं कोण बसलंय काय ओ?" आतून "हाय की, पाणी आणाय उतरल्यात" असं उत्तर आलं तर पुढची खिडकी गाठायची. उत्तर आलं नाही तर अजून एकदा विचारायचं आणि मग रुमाल टाकायचा. रुमाल नसला तर टोपी, नाहीतर पिशवी. कंडक्टर यायला वेळ असतो. तिकीट, सीटचे नंबर, सगळा अधिकार त्याच्याकडे. पण तो येईपर्यंत गाडी रिकामी ठेवून कुणी खाली ताटकळत नाही आणि दुसऱ्याच्या रुमालावर कुणी बसतही नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. दोन्ही राज्यांच्या गाड्यांत मात्र ते सारखंच पाळलं जातं.

पंचवीस वर्षं मी निपाणीत आणि आसपासच्या गावांत कॉम्प्युटरच्या वायरी ओढतो आहे. तंबाखूच्या वखारी, अडत दुकानं, पतसंस्था, शाळा, दवाखाने. काम जितकं चिकोडी भागात, तितकंच हद्दीपलीकडं कागल तालुक्यात. या धंद्यात एक आकडा असा आहे की तो पडद्यावर दिसला की गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, "एकशे एकोणसत्तर आलंय, लगेच या." कुणी त्याला एरर म्हणतं, कुणी व्हायरस. एके काळी माझीही तीच समजूत होती आणि त्या समजुतीपायी माझ्या हातून एक मोठं नुकसान झालं. म्हणून या आकड्याची कुळकथा मला नीट सांगायची आहे. कॉम्प्युटरला नंबर देणारं कुणी ओ देत नाही, तेव्हा तो शेजाऱ्यांना विचारून स्वतःची जागा धरतो. त्या जागेचा हा नंबर.

पत्ता म्हणजे काय, हे मी घरातच शिकलो. आबा पोस्टमन होते. पत्त्याचा सगळा इतिहास त्यांच्या तोंडी होता. त्यांच्या लहानपणी पाकिटावर ‘निपाणी, जि. बेळगाव, मुंबई राज्य’ असं असायचं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि तिथं ‘म्हैसूर राज्य’ आलं. १ नोव्हेंबर १९७३ पासून ‘कर्नाटक’. पुढं २०१४ च्या त्याच तारखेला बेळगावचं सरकारी नावही बेळगावी झालं. आमचं घर तेच, उंबरा तोच, उंबऱ्यावरची रांगोळीही त्याच ठिपक्यांची. एवढ्या काळात आमच्या घराला वरून येणारे पत्ते मात्र तीनदा बदलले.

आबा नोकरीला लागले आणि थोड्याच दिवसांत, १५ ऑगस्ट १९७२ ला, पिनकोड सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. कोकणातला हा मराठी माणूस टपाल-तार खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि संस्कृतमध्ये काव्यं-नाटकं लिहायचा. आबांना याचा फार अभिमान. "आकड्याला सुद्धा छंद असतोय," असं ते म्हणत. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा चार, कर्नाटकाचा पाच. कोल्हापूर जिल्ह्याचे पिन ४१६ पासून सुरू होतात, निपाणीचा ५९१२३७. वरून खाली उतरत येणारा पत्ता: देश, विभाग, जिल्हा, पोस्ट.

आणि मग अर्जुननगर. आमच्या गावाला अगदी चिकटून देवचंद कॉलेज आहे. निपाणीची पोरं तिथं चालत जातात. पण कॉलेजची जागा कागल तालुक्यातली, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र, विद्यापीठ शिवाजी. पत्ता लिहिताना मात्र ‘व्हाया निपाणी’ आणि पिन ५९१२३७. महाराष्ट्रातल्या कॉलेजला पाचानं सुरू होणारा पिन, कारण टपाल निपाणीच्या पोस्टातून जातं. नकाशावरची हद्द एक आणि टपालाच्या पिशवीची हद्द दुसरी, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर होतं. पुढं नेटवर्कमधल्या हद्दी समजून घेताना मला जड गेलं नाही, ते यामुळं.

अर्धवट पत्त्याची पत्रं आबांकडं नेहमीच यायची. नुसतं आडनाव आणि खाली ‘निपाणी’. अशा वेळी ते गल्लीच्या तोंडाशी सायकल उभी करायचे आणि मोठ्यानं नाव पुकारायचे. सगळी गल्ली ऐकायची, पण ज्याचं पत्र त्यानंच ओ द्यायची. बाकीचे ऐकून आपापल्या कामाला लागायचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी कॉम्प्युटरसाठी नेमकी हीच रीत लिहून काढली. तिचं नाव एआरपी. एक कॉम्प्युटर साऱ्या वायरीवर हाळी देतो, ‘हा नंबर कुणाचा?’ ज्याचा असेल तोच आपल्या नेटवर्क कार्डाचा छापील क्रमांक सांगून ओ देतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आबांची सायकलच डोळ्यांपुढं आली.

मी बेळगावात शिकलो. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ बेळगावात आलं आणि त्या एक-दोन वर्षांत टिळकवाडीपासून कॅम्पापर्यंत जिकडंतिकडं कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. १९९९ मध्ये मी क्रिम्पिंगची पक्कड आणि वायरीचं एक भेंडोळं घेऊन निपाणीला परत आलो. तेव्हा गावात ज्या दोन-चार ठिकाणी कॉम्प्युटर जोडलेले होते, तिथं केबल टीव्हीसारखी काळी वायर एका यंत्रातून दुसऱ्यात ओवत नेलेली असायची. दोन्ही टोकांना टर्मिनेटर. मधला एक जोड सैल झाला की सगळी माळ बंद. वखारीत तर तंबाखूचा खकाणा जोडांत जाऊन बसायचा. ब्रशनं झाडताना शिंका आवरायच्या नाहीत. मग हब आले, आठ तारांची वायर आली. नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. हा क्रम मी आजही झोपेत म्हणेन.

नंबर मात्र हातानं द्यायचे. माझ्याकडं एक लांबडी वही होती, रोकडवहीसारखी लाल पुठ्ठ्याची. पानावर गिऱ्हाईकाचं नाव आणि खाली ओळीनं १९२.१६८.०.१, १९२.१६८.०.२. मी नसताना कुणा हौशी पोरानं एखाद्या नव्या यंत्राला जुनाच नंबर दिला की दोन्ही यंत्रं भांडायची आणि पडद्यावर पत्ता धडकल्याची चौकट यायची. मग मोटारसायकल काढून जायचं आणि वहीवर हात ठेवून सांगायचं, हा नंबर त्याचा आहे, तुझा नव्हे.

ही वही जगात सगळ्यांकडंच होती. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाचा माणूस अशा नंबरांची नोंद ठेवायचा. कुठल्या जाळ्याला कुठला आकडा, हे बराच काळ त्याच्या यादीवर ठरत असे. पुढं जाळी वाढली आणि कचेरीतल्या कचेरीत नंबर वाटायलाही यंत्र हवं असं झालं. १९८४ मध्ये आणि १९८५ मध्ये त्याचे दोन कच्चे उपाय निघाले. खरा उपाय आला ऑक्टोबर १९९३ मध्ये, बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रॉम्स यांच्या नावावर. तो डीएचसीपी. यात एक यंत्र वहीवाला होतं. नवा कॉम्प्युटर चालू झाला की हाळी देतो, ‘मला कुणी नंबर देता काय?’ वहीवाला म्हणतो, ‘हा घे.’ कॉम्प्युटर म्हणतो, ‘हाच घेऊ ना?’ वहीवाला म्हणतो, ‘घे, अमुक वेळापुरता.’ नंबर कायमचा मिळत नाही, खंडानं मिळतो. मुदत संपत आली की खंड पुन्हा ठरवायचा. आमच्याकडं शेत खंडानं देतात, त्याच चालीचं हे काम.

पण वहीवालाच मेला तर?

२००१ चा उन्हाळा होता. एका विडी कारखान्याच्या ऑफिसात मी सहा कॉम्प्युटर जोडून दिले होते. मुख्य यंत्राला मोडेम, आणि विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या सोयीनं तेच यंत्र बाकीच्यांना नंबर वाटायचं आणि इंटरनेटही. वळवाचा पाऊस आला, वीज टेलिफोनच्या तारेतून आत शिरली आणि मोडेमसकट मुख्य यंत्र जळालं. सकाळी दिवाणजींचा फोन. मी गेलो तर उरलेल्या पाचही यंत्रांवर माझ्या वहीत कुठंच नसलेले आकडे. १६९.२५४ आणि पुढं काहीही. एकाचा एकाला मेळ नाही. मी असं कधी पाहिलं नव्हतं. ज्यांच्याकडून शिकलो होतो अशा एका जाणत्याला फोन लावला. ते म्हणाले, अनोळखी नंबर म्हणजे व्हायरस, फॉरमॅट मार. मी मारला. नेमका हिशेबाच्या यंत्रावर.

विड्या वळणाऱ्या बायकांचा हिशेब त्या यंत्रात होता. कुणाला किती पान, किती तंबाखू दिली, कुणी किती हजार विड्या आणून टाकल्या, किती मजुरी देणं. ते सगळं गेलं. दिवाणजींनी मला एक शब्द ऐकवला नाही. त्यांनी बायकांना निरोप धाडले की कार्डं घेऊन या. पदराखालच्या पिशवीत, प्लास्टिकात गुंडाळून जपलेली ती कार्डं घेऊन बायका आल्या. एकेक कार्ड वाचून अकरा दिवस आम्ही दोघांनी हिशेब परत भरला. अक्षर न वाचता येणारी एक आजी आपल्या तीन आठवड्यांच्या विड्या तोंडपाठ सांगत होती. कार्डावरच्या आकड्याशी तिचा आकडा एकदाही चुकला नाही. तिच्यासमोर मान खाली घालून बसलेला मी मला अजून आठवतो.

त्या अकरा दिवसांतच मला खरी गोष्ट कळली. तिसऱ्या दिवशी रात्री दिवाणजी एका यंत्रावर बसले होते, मी दुसऱ्यावर. सहज म्हणून मी शेजारचं यंत्र उघडून बघितलं तर त्यातल्या फायली दिसल्या. मुख्य यंत्र मेलेलं, नंबर वाटणारं कुणी नाही, तरी जी चार यंत्रं मी बिघडवली नव्हती ती एकमेकांशी बोलत होती. वीज पडल्या दिवसापासून बोलत होती. मी घड्याळ काढलं. एक यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि यंत्राचा नंबर दाखवणारं विनआयपीसीएफजी उघडून आकडा कधी येतो ते मोजत बसलो. तीनदा मोजलं. पुढं कागदोपत्री वाचलं तेव्हा माझी मोजणी जुळली. विंडोज ९८ सहा-सहा सेकंदांच्या अंतरानं चार वेळा वहीवाल्याला हाळी देतं. चोवीस सेकंद वाट बघतं. ओ आली नाही, तर स्वतःची जागा स्वतः शोधतं.

जागा शोधायची ही रीत पहिल्यांदा लोकांच्या हाती आली ती ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये, १९८५ मध्ये. तिचं नाव ॲपलटॉक आणि ती घडवणाऱ्यांत पुढं होते गुरशरण सिद्धू. शाळेतल्या एका खोलीत आठ-दहा यंत्रं आणि एक प्रिंटर साध्या वायरीनं जोडायचे आणि कुणी जाणता माणूस न बोलावता ते चालायला हवे, असा तो विचार होता. यंत्र १ ते २५४ मधला एक नंबर मनानं धरायचं, वायरीवर विचारायचं, ‘हा कुणाचा आहे काय?’ आणि ओ आली तर दुसरा धरायचं. एवढंच. वही नाही, वहीवाला नाही. इंटरनेटच्या भाषेत मात्र ही सोय नव्हती. ती भाषा मोठ्या विद्यापीठांत वाढलेली, जिथं वही सांभाळायला पगारी माणूस असायचा. आमच्यासारख्या गावात तो माणूस मीच होतो, आणि तोही तीस गिऱ्हाइकांत एक.

१९९८ मध्ये हे अंतर मिटलं. २५ जूनला विंडोज ९८ बाजारात आलं. १६ ऑक्टोबरला जॉन पोस्टेल गेले आणि दुसऱ्याच दिवशी ॲपलच्या मॅक यंत्रणेची ८.५ ही आवृत्ती आली. या दोन्ही यंत्रणांत वहीवाला नसताना नंबर धरायची सोय होती आणि दोघींनी एकच माळ वापरली, १६९.२५४. जन्मभर वही सांभाळणारा माणूस जावा आणि त्याच आठवड्यात वहीशिवाय चालणारी यंत्रं दुकानात यावीत, हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही. १९९९ मध्ये या रीतीचा एक पक्का नियम लिहायला इंटरनेटच्या अभियंत्यांचा गट बसला. नियम छापून आला मे २००५ मध्ये, आरएफसी ३९२७ या नावानं. लिहिणारे तिघं: ॲपलचे स्टुअर्ट चेशायर, मायक्रोसॉफ्टचे बर्नार्ड अबोबा आणि सनचे एरिक गुटमन. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्यांची माणसं एका कागदाखाली सह्या करून बसली, ती शेजाऱ्याला त्रास न देता जागा कशी धरायची एवढ्यासाठी.

तो कागद मी छापून घेतला आहे. दुकानात काउंटरखाली असतो. त्यातला शिष्टाचार बघण्यासारखा आहे. यंत्रानं १६९.२५४ च्या माळेतला एक नंबर निवडायचा. पहिले २५६ आणि शेवटचे २५६ सोडून द्यायचे, म्हणजे जागा उरल्या ६५,०२४. निपाणी शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत साठ हजारांच्या वर होती. सगळं गाव माणशी एक नंबर घेऊन बसलं तरी मावेल. नंबर निवडताना आपल्या कार्डाच्या छापील क्रमांकावरून हिशेब करायचा. प्रत्येक कार्डाचा क्रमांक वेगळा, म्हणून निवडही वेगळी पडते. आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तर ते आधी आपल्या जुन्या जागेपाशीच येतं. रोजच्या गाडीनं जाणारा मास्तर रोज त्याच खिडकीपाशी जातो, तसं.

मग विचारायचं. तीन वेळा, दोन विचारण्यांत एक ते दोन सेकंदांचं अंतर ठेवून. हे अंतर मुद्दाम कमी-जास्त ठेवलेलं असतं. लाइट आल्यावर सगळी यंत्रं एकदम उठली तरी सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून. विचारताना ‘मी अमुक’ असं सांगायचं नाही. आपल्या पत्त्याच्या रकान्यात शून्यं घालायची. कारण जागा अजून आपली झालेली नाही. आपण नंबर सांगितला आणि तो खरंच दुसऱ्याचा असला, तर शेजाऱ्यांच्या नोंदी विनाकारण बिघडतील. हे वाक्य वाचताना मी थांबलो होतो. खिडकीखाली उभा राहून विचारणारा माणूसही ‘ही माझी जागा’ म्हणत नाही, ‘इथं कोण बसलंय काय’ असंच म्हणतो. दोन यंत्रांनी एकाच वेळी एकाच नंबराबद्दल विचारलं तर दोघांनीही तो सोडून दुसरा बघायचा. दहा वेळा असंच झालं तर दम धरायचा आणि मिनिटाला एकदाच विचारायचं.

कुणीच ओ दिली नाही तर रुमाल टाकायचा. दोन सेकंदांच्या अंतरानं दोनदा पुकारायचं, ‘हा नंबर आता माझा.’ पुढं कधी दुसऱ्या कुणी त्याच जागेवर हक्क सांगितला, तर? एकदा आपली बाजू मांडायची मुभा आहे. पण दहा सेकंदांच्या आत तो पुन्हा तेच म्हणाला तर भांडत बसायचं नाही, उठायचं आणि दुसरी जागा बघायची. त्या कागदात हिशेबही मांडला आहे. एकाच वायरीवर आधीच १,३०० यंत्रं बसलेली असली तरी नव्या यंत्राला पहिल्याच प्रयत्नात मोकळी जागा मिळायची शक्यता ९८ टक्के, आणि दोन प्रयत्नांत ९९.९६ टक्के. आमच्या विडी कारखान्याच्या ऑफिसात पाच यंत्रं होती.

या नंबराला एक मर्यादा आहे आणि ती जाणूनबुजून घातलेली आहे. तो आपल्या गल्लीपुरताच. राउटर म्हणजे नाक्यावरचा शिपाई, १६९.२५४ चा पत्ता असलेलं पत्र त्यानं पुढं सोडायचं नाही, असा त्याला हुकूम आहे. म्हणून निपाणीच्या वखारीतल्या आणि कागलच्या दवाखान्यातल्या यंत्राचा नंबर नेमका एकच असला तरी काही बिघडत नाही. दोघांची गाठ कधी पडणारच नाही. गिऱ्हाईक घाबरतं ते यामुळं. त्याला इंटरनेट दिसत नाही आणि त्याला वाटतं सगळंच मेलं. बाहेरचा रस्ता बंद असतो, पण गल्ली जिवंत असते. शेजारच्या यंत्रावरचा टॅलीचा हिशेब उघडतो, फाइल जाते-येते. लोडशेडिंगच्या वर्षांत, राउटर बंद पडून हब कुठंतरी इन्व्हर्टरवर चालू राहिला की, आमच्याकडची कितीतरी दुकानं दिवसाचे चार-चार तास अशीच चालायची. मालकांना ते ठाऊकही नसायचं.

आणि जागा मिळाली म्हणून यंत्र स्वस्थ बसत नाही. विंडोज ९८ मध्ये आणि त्या काळच्या मॅकमध्येही ठरलेलं होतं: दर पाच मिनिटांनी वहीवाल्याला पुन्हा हाळी द्यायची. तो आला, त्यानं रीतसर नंबर दिला, की धरलेली जागा सोडून द्यायची.

हे वाचलं त्या रात्री मला आमच्या भागाची आठवण होणं साहजिक होतं. सीमाप्रश्नासाठी १९५६ पासून आमची माणसं वर हाळी देत आली आहेत. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. यंत्राची आणि माणसाची तुलना मला करायची नाही. यंत्राला जखम होत नाही. पण वरून उत्तर यायचं आहे म्हणून इथं कुणी जगायचं थांबवलं नाही, एवढं मी पाहिलं आहे. बाजारात कन्नड बोलणाऱ्या बाईला मराठी भाजीवाली जागा करून देते आणि ती हिला. आबांनी दोन्ही भाषांतली पत्रं एकाच थैलीतून वाटली. न समजणाऱ्या लिपीतला पत्ता त्यांनी पिनवरून आणि शेजाऱ्यांना विचारून शोधला.

नव्या पद्धतीच्या पत्त्यांत, आयपीव्ही६ मध्ये, हा क्रमच उलटा केला आहे आणि मला तो जास्त पटतो. १९९६ मध्ये सुसान थॉमसन आणि थॉमस नार्टन यांनी त्याची रीत मांडली. तिथं गल्लीतला पत्ता अडीअडचणीचा नाही, तो पहिला. वहीवाला असो की नसो, यंत्र उठल्याबरोबर एफई८० नं सुरू होणारा एक पत्ता स्वतः तयार करतं, शेजाऱ्यांना विचारतं आणि तो कायम जवळ ठेवतं. बाहेरच्या जगाचा पत्ता त्यानंतर मिळतो, तो वेगळा. तुमच्या हातातल्या मोबाइलला या क्षणी असा एक पत्ता असणार.

ॲपलनं २००२ मध्ये या रीतीला अजून एक जोड दिली. जागा धरलेल्या यंत्रानं ‘मी प्रिंटर आहे’ किंवा ‘माझ्याकडं फायली आहेत’ हेही गल्लीत सांगायचं. आधी तिचं नाव रॉन्देवू होतं, २००५ पासून बॉन्जूर. आता जवळपास प्रत्येक प्रिंटरमध्ये ती असते.

तिचा खरा उपयोग मला २०२१ च्या जुलैमध्ये झाला. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला. नदीकाठच्या गावांतली माणसं शाळांमध्ये आणून ठेवली होती. अशाच एका शाळेतून निरोप आला की यादी छापायची आहे आणि काहीच चालत नाही. जनरेटर होता. प्रिंटर बरा होता, शाळेतल्या बाईंचा लॅपटॉप बरा होता. राउटर पाण्यात गेलेला, मोबाइलला रेंज नाही. मी पिशवीतून एक वायर काढली आणि लॅपटॉप थेट प्रिंटरला जोडला. आमच्या सुरुवातीच्या काळात अशा जोडणीला तारा उलट-सुलट क्रिम्प केलेली वेगळी वायर लागायची. आता यंत्रं ते आपलं आपण सांभाळून घेतात.

आम्ही थांबलो. बाई पडद्याकडं बघत होत्या. मी मनात मोजत होतो.

"एकशे एकोणसत्तर आलं की ओ," त्या म्हणाल्या. "बिघडलं काय?"

"न्हाई मॅडम. जागा मिळाली त्याला."

प्रिंटरलाही मिळाली होती. थोड्या वेळानं त्याचं नाव यादीत दिसलं. वहीवाला नाही, बाहेरचा रस्ता नाही, खोलीत दोनच यंत्रं आणि मधे हातभर वायर. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा गरम होतं. बाई ते घेऊन व्हरांड्यात गेल्या. तिथं सतरंज्यांवर माणसं बसली होती, काही मराठी बोलणारी, काही कन्नड. बाईंनी पहिलं नाव मोठ्यानं पुकारलं. सगळ्यांनी ऐकलं, आणि अगदी टोकाला, भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीनं ओ दिली.